बिनसहीचा अग्रलेख

२१ डिसेंबर १९०९ ची रात्र. नाशिकच्या विजयानंद थिएटरात किर्लोस्कर नाटक मंडळीचा 'शारदा'चा खेळ होता. कलेक्टर जॅक्सनची मुंबईला बदली झाली होती आणि जाण्यापूर्वी तो या खेळाला आला होता. अनंत कान्हेरे नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने तिथेच त्याच्यावर गोळ्या झाडल्या.

'शारदा'चे लेखक गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीला खेटून असलेल्या हरिपूरचे. किर्लोस्कर मंडळीचा तेव्हाचा तारा नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, कृष्णाकाठच्या नागठाण्याचा. नाटकाचा विषय जरठ-कुमारी विवाह. सरकारला त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नव्हते आणि घेतलाही नाही. पण पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१० मध्ये, मुंबई सरकारने वेगळ्याच एका नाटकावर बंदी घातली. त्यात पिस्तूल नव्हते, बाँब नव्हता, एकही इंग्रज पात्र नव्हते. महाभारतातल्या विराटपर्वाची कथा होती. नाटकाचे नाव 'कीचकवध', लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. तेही सांगलीचेच.

खाडिलकर म्हटले की आज 'मानापमान' आणि 'स्वयंवर' आठवतात आणि मग बालगंधर्वांची पदे. म्हणजे आठवण गाण्यांची राहते, लिहिणारा मागे पडतो. त्यांच्या आयुष्याचा कणा मात्र नाटक नव्हते, वर्तमानपत्र होते. १८९६-९७ पासून १९२९ पर्यंत, मधल्या खंडांसह, ते राजकारणावर लिहीत राहिले. आणि त्यातली पहिली अनेक वर्षे असे लिहीत राहिले की लेखाखाली नाव नाही. धर्म, घर, स्त्री, व्रतवैकल्य या बाबतींत हा माणूस पक्का परंपरावादी. सत्तेच्या बाबतीत तितकाच पक्का बंडखोर. आपल्याकडे पुरोगाम्यांना ते सनातनी म्हणून नको झाले आणि सनातन्यांना ते पुढे गांधींच्या नादी लागले म्हणून नको झाले. मधल्या मध्ये त्यांच्यातला पत्रकार कोणाच्याच वाट्याला आला नाही.

नोव्हेंबर १८७२ मध्ये त्यांचा जन्म झाला तेव्हा सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते. सातारा मात्र इंग्रजांच्या थेट अमलाखाली जाऊन जवळपास पंचवीस वर्षे झाली होती. १८४८ मध्ये छत्रपती शहाजीराजे गेले, दत्तक नामंजूर झाला, गादी खालसा झाली. एकाच कृष्णेच्या खोऱ्यातली ही दोन गावे. वरच्या अंगाला कलेक्टर, खालच्या अंगाला राजेसाहेब. राजेसाहेबांच्या सांगलीत नाटकाला दरबारचा आश्रय होता. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले ते याच दरबारात, चिंतामणराव पटवर्धनांच्या सांगण्यावरून. हे सगळे खाडिलकरांच्या जन्माआधीचे, पण गावाच्या बोलण्यात जिवंत असणार. सांगलीत वाढलेल्या मुलाला नाटक ही काही पुण्या-मुंबईची नवलाई नव्हती.

पुण्यात बी. ए. झाल्यावर ते सांगलीला परतले, काही काळ मास्तरकी केली आणि १८९३ मध्ये, एकविसाव्या वर्षी, 'सवाई माधवरावांचा मृत्यू' लिहिले. शनिवारवाड्याच्या कारंज्यावर उडी घेऊन जीव देणारा तरुण पेशवा, त्याला जपणारे आणि जखडणारे नाना फडणीस, आणि दोघांमध्ये संशयाचे विष कालवणारा केशवशास्त्री. शेक्सपिअरच्या हॅम्लेट आणि इयागोची सावली या नाटकावर आहे हे सगळेच सांगतात. मला त्यात दुसरेही काही दिसते. सत्ता बाहेरच्या तोफेने पडत नाही, घरातल्या कुजबुजीने पडते, हे या पोराला एकविसाव्या वर्षी कळले होते. पुढे तीस-पस्तीस वर्षे त्याने जे राजकारण लिहिले त्याचे बीज इथेच आहे. (नानांचा वाईजवळच्या मेणवलीचा वाडा आज सिनेमावाल्यांमुळे प्रसिद्ध आहे. तिथे गेलो की मला नेहमी पेशवाईआधी खाडिलकरांचे नाना आठवतात; नाटककाराने इतिहासावर केलेली ही कुरघोडीच.)

त्याच सुमारास साताऱ्याच्या कोर्टात एक तरुण वकील अशिलांची वाट पाहत होता. नरसिंह चिंतामण केळकर. जन्म मोडनिंबचा, साल तेच, १८७२. खाडिलकरांपेक्षा तीन महिन्यांनी मोठे. १८९६ मध्ये टिळकांनी त्यांना पुण्याला बोलावले आणि साताऱ्याची वकिली संपली. सांगलीचा मास्तर आणि साताऱ्याचा वकील पाठोपाठ 'केसरी'च्या कचेरीत दाखल झाले. पुढची दोन तपे टिळकांच्या दोन हातांत ही दोन माणसे होती. केळकरांची लेखणी वकिली. दोन्ही बाजू मांडतील, पुरावा तपासतील, मग हलकेच कौल देतील. विनोद करतील, कोपरखळी मारतील, पण आवाज चढू देणार नाहीत. खाडिलकरांचे वाक्य भट्टीतून निघते. लांबलचक, वळणावळणाचे, एकाच्या पोटात दुसरे, आणि शेवटच्या क्रियापदाला पोचेपर्यंत वाचणारा तापलेला. नाटकातही त्यांची पात्रे अशीच बोलतात. टीकाकारांनी त्याला कृत्रिम म्हटले. असेलही. पण मोठ्याने वाचून पाहावे. एकाने वाचायचे आणि दहा जणांनी ऐकायचे अशा वर्तमानपत्रासाठी ते वाक्य घडलेले आहे.

आता या कचेरीतल्या एका प्रथेबद्दल थोडे सांगायला हवे, कारण पुढची गोष्ट तिच्यावर उभी आहे. 'केसरी'च्या अग्रलेखाखाली सही नसे. लेख टिळकांचा असो, केळकरांचा असो, खाडिलकरांचा असो, वाचणाऱ्याच्या लेखी तो 'केसरी'चा. कायद्याच्या लेखीही तसेच. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्याप्रमाणे मुद्रक-प्रकाशकाला मॅजिस्ट्रेटसमोर डिक्लेरेशन करावे लागे, आणि लिहिणारा हात कोणाचाही असला तरी बेडी पडायची ती कागदावर ज्याचे नाव असेल त्याच्या हातात. अमेरिकेत याच्या अगदी उलटी तऱ्हा रुजली. तिथल्या परंपरावादी स्तंभलेखकांचा शिरोमणी विल्यम बक्ली. त्याने १९५५ मध्ये 'नॅशनल रिव्ह्यू' काढले, १९६२ पासून त्याचा स्तंभ गावोगावच्या वर्तमानपत्रांत छापून येऊ लागला, १९६५ मध्ये तो न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उभा राहिला आणि पडला, १९६६ पासून १९९९ पर्यंत टीव्हीवर त्याचा वादसंवादाचा कार्यक्रम चालला. त्याचे नाव, त्याचा चेहरा, त्याची बोलण्याची ढब हेच त्याचे भांडवल. खाडिलकरांच्या काळात मराठी भाष्यकाराजवळ असले भांडवल नव्हते. नाव म्हणजे पुरावा, आणि पुरावा म्हणजे शिक्षा.

'केसरी'चा पहिला तुरुंगवासच मुळी दुसऱ्यांच्या शब्दांपायी घडला होता. कोल्हापूरचे दिवाण बर्वे छत्रपतींना छळतात असे सांगणारी पत्रे कोणीतरी आणून दिली, 'केसरी'-'मराठा'ने ती छापली, ती बनावट निघाली, आणि १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. एकशे एक दिवस. गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, म्हणजे पुन्हा कृष्णाकाठच. 'केसरी'चे पहिले संपादक तेच. पुढे समाजसुधारणेच्या वादात ते बाहेर पडले, १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला आणि १८९५ मध्ये वारले. खाडिलकर 'केसरी'त आले तेव्हा आगरकरांची खुर्चीच नव्हे, त्यांचा विचारही त्या कचेरीतून गेलेला होता. नवा माणूस विचाराने आगरकरांच्या दुसऱ्या टोकाचा. टेंभू ते सांगली हे अंतर नदीने फार नाही. विचाराने मात्र ते आजही पार झालेले नाही.

१८९७ मध्ये प्लेग, रँड, चाफेकर आणि टिळकांवरचा पहिला राजद्रोहाचा खटला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की राजाविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हाही गुन्हा. अठरा महिन्यांची शिक्षा झाली. कचेरीतल्या तरुणांना धंद्याचा पहिला धडा मिळाला तो असा.

मग मध्येच खाडिलकर नाहीसे होतात. विसाव्या शतकाच्या अगदी पहिल्या वर्षांत ते नेपाळात जाऊन राहिले, टिळकांच्या संमतीने, आणि तिथे कौलांचा कारखाना काढला. कौले हा देखावा. आतला बेत बंदुका तयार करण्याचा होता. टिळकांचे जिवाभावाचे स्नेही वासुकाका जोशी यांचाही या खटाटोपात भाग होता. बेत तडीला गेला नाही आणि खाडिलकर पुण्यात परतले. या प्रकरणाच्या खूप रंगीत हकिकती सांगितल्या जातात. त्यातले मला एवढेच मोलाचे वाटते की शब्दांवर पोट भरणाऱ्या या माणसाला काही वर्षे तरी शब्द अपुरे वाटले होते.

परत आल्यावर त्यांनी जे केले ते बंदुकीपेक्षा लांब पल्ल्याचे ठरले. १९०७ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या महाराष्ट्र नाटक मंडळीने 'कीचकवध' रंगभूमीवर आणले. विराटाच्या दरबारात कीचक माजला आहे, द्रौपदी सैरंध्री नावाने दासी होऊन राहिली आहे, युधिष्ठिर धीर धरा म्हणतो आहे, भीमाच्या मुठी वळल्या आहेत. प्रेक्षागृहातल्या पोरालाही कळत होते की कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे देश, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. वंगभंग होऊन दीडच वर्ष झाले होते. अग्रलेखात हे लिहिले असते तर सरकारच्या ओरिएंटल ट्रान्सलेटरने दर आठवड्याला देशी पत्रांचा जो इंग्रजी गोषवारा निघे त्यात ते उतरवले असते आणि खटला भरला असता. पण व्यासांवर राजद्रोहाचा खटला कसा भरणार? सरकारला निर्णय घ्यायला जवळपास तीन वर्षे लागली. बंगाली नाटकांच्या धास्तीने १८७६ मध्ये केलेला नाट्यप्रयोगांचा कायदा अखेर कामी आला. त्याच वर्षी, १९१० मध्ये, लंडनच्या 'टाइम्स'च्या व्हॅलेंटाइन चिरोलचे 'इंडियन अनरेस्ट' प्रसिद्ध झाले. त्यात त्याने या नाटकाचा परामर्श विस्ताराने घेतला आहे. मराठी नाटकाची इतकी बारकाईने दखल साहेबाने क्वचितच घेतली असेल. आपल्याकडच्या काही समीक्षकांनी 'कीचकवधा'ची प्रचारनाट्य म्हणून बोळवण केली; चिरोलला ते परवडणारे नव्हते.

याच १९०७ च्या आसपासचे खाडिलकरांचे दुसरे नाटक 'बायकांचे बंड'. ते आज कोणी करत नाही आणि करूही नये. प्रमिलेच्या स्त्रीराज्यात अर्जुन येतो, पुरुषांशिवाय राहू पाहणाऱ्या बायकांचे बंड मोडते, सगळ्या संसाराला लागतात. म्हणजे एकाच लेखणीतून एकाच काळात एक बंड पवित्र ठरले आणि दुसरे हास्यास्पद. द्रौपदीची विटंबना हा देशाचा अपमान. प्रमिलेचे स्वातंत्र्य हा मात्र चावटपणा. खाडिलकरांना यात विसंगती वाटली नसणार. त्यांच्या मते परक्याची सत्ता हीच मुळी धर्माची घडी विस्कटणारी गोष्ट होती. ती गेली पाहिजे ती घडी पुन्हा बसावी म्हणून, आणि बायकांचे बंड हे त्याच विस्कटण्याचे दुसरे रूप. तर्क सलग आहे. म्हणूनच त्याला उत्तर देणे आगरकरांच्या वारसांना वाटले तितके सोपे गेले नाही.

३० एप्रिल १९०८. मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी टाकलेल्या बाँबने दोन इंग्रज स्त्रिया ठार झाल्या. मंगळवार, १२ मे च्या 'केसरी'त अग्रलेख आला: 'देशाचे दुर्दैव'. बाँबची पाळी यावी हे दुर्दैवच, पण ती आणली कोणी, तर दडपशाहीने, असा त्याचा रोख. मंगळवार, ९ जून ला आणखी एक: 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. २४ जून ला टिळकांना मुंबईत अटक झाली. जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे राहिले, जामीन मिळाला नाही. न्यायासनावर दिनशा दावर. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, आणि खटला मराठी शब्दांच्या अर्थच्छटांवर! टिळकांनी सरकारी भाषांतराची एकेक ओळ उलगडून दाखवत एकवीस तासांहून अधिक भाषण केले. सात विरुद्ध दोन असा निकाल. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली, गिरणी कामगारांनी सहा दिवस मुंबई बंद ठेवली, आणि टिळक मंडालेला गेले.

'देशाचे दुर्दैव' हा लेख खाडिलकरांनी लिहिला होता असे मराठी पत्रसृष्टीत तेव्हापासून मानले जाते. हे मान्य केले तर त्या एकवीस तासांचा अर्थ थोडा बदलतो. दुसऱ्याने लिहिलेले वाक्य, त्यातला प्रत्येक शब्द, त्यातले प्रत्येक अव्यय, टिळक आपले म्हणून लढवत होते. लेख माझा नाही हा बचाव त्यांनी घेतला नाही. प्रथेप्रमाणे तो घेताही येत नव्हता. आणि घेता आला असता तरी त्यांनी घेतला नसता हे त्यांच्या शत्रूंनीही कबूल केले असते. मला राहूनराहून कुतूहल वाटते ते दुसऱ्या माणसाचे. आपल्या वाक्याचे भाषांतर सरकारी वकील वाचून दाखवतो आहे, त्यावर सात साहेब माना डोलावत आहेत, आणि ज्याने आपल्याला सांगलीच्या मास्तरकीतून उचलून इथे आणले तो त्या वाक्यापायी सहा वर्षांसाठी ब्रह्मदेशात चालला आहे. पस्तिशीतल्या माणसाने हे कसे पेलले असेल? इतके बोलणारा हा लेखक एवढ्या बाबतीत मूकच राहिला.

खटल्यावर टीका केल्याबद्दल केळकरांनाही त्याच वर्षी न्यायालयाच्या अवमानाखाली चौदा दिवस तुरुंग घडला. 'केसरी' खाडिलकरांच्या हाती आला. काळ वाईट होता. जॅक्सन वधानंतर फेब्रुवारी १९१० मध्ये नवा प्रेस अ‍ॅक्ट आला, जामीनकीच्या नावाखाली छापखाने गिळण्याची सोय झाली. पत्र जगवायचे तर आवाज उतरवणे भाग होते, आणि आवाज उतरवणे हे खाडिलकरांचे काम नव्हे. १९१० मध्ये ते बाहेर पडले आणि सूत्रे केळकरांकडे गेली. भट्टी विझवून वकिलाला बसवले असे काही जहालांना वाटले. पण मंडालेहून टिळक परतले तेव्हा 'केसरी' जिवंत होता, हे श्रेय वकिलाचेच. केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक याच मधल्या काळातले, १९१३ चे. टिळकांच्या कचेरीत नाटक लिहिण्याची जणू साथच होती.

खाडिलकरांकडे आता वर्तमानपत्र नव्हते, नाटक होते. १९०९ मध्ये 'भाऊबंदकी' आले होते. नारायणरावाचा खून, राघोबा, रामशास्त्री. आणि सुरतेच्या काँग्रेसमध्ये फेकले गेलेले जोडे ताजे असताना प्रेक्षकाला ही भाऊबंदकी कुठली हे सांगावे लागत नव्हते. मग १२ मार्च १९११ ला 'मानापमान'. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही कथा मराठी माणसाला पाठ आहे. गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी नाटक डोक्यावर घेतले गेले. त्यातली धनिक लक्ष्मीधर विरुद्ध फाटका शूर धैर्यधर ही जोडी गाण्यांखाली दबली, पण लेखकाने ती गंमत म्हणून केलेली नव्हती. १९१३ च्या 'विद्याहरणा'त शुक्राचार्याची दारू सुटते. १९१६ मध्ये 'स्वयंवर', भास्करबुवा बखल्यांच्या चालींवर. कडव्या भाष्यकाराच्या वाक्यांना गोड गळा मिळाला आणि लोक गोडव्यालाच दाद देऊ लागले. राजकीय लेखकाचा असाही एक पराभव असतो.

या दिवसांतले त्यांचे सगळ्यात दुर्लक्षित काम मात्र नाटकाबाहेरचे आहे. १९१४ मध्ये युरोपात युद्ध पेटले आणि चित्रशाळेच्या 'चित्रमय जगत' मासिकात खाडिलकर त्याच्यावर लिहू लागले. चित्रशाळा वासुकाकांची, म्हणजे नेपाळची दोस्ती इथे कामी आली. महिन्यामागून महिना ते जर्मनीची चाल, रशियाची पिछेहाट, आरमारांची कोंडी मराठी वाचकाला नकाशासारखी समजावत गेले. युरोप त्यांनी पाहिलेला नव्हता. विलायती पत्रे आणि तारा वाचायच्या, सेन्सॉरने काय गाळले असेल याचा अंदाज बांधायचा आणि पुण्यात बसून लिहायचे. आजच्या अर्थाने स्तंभलेखन म्हणावे ते त्यांनी इथे केले: ठरलेला विषय, ठरलेली जागा, आणि पुढच्या महिन्याची वाट पाहणारा वाचक. राजद्रोहाची भीती नसल्यामुळे भाषाही निवळलेली आहे. त्यांच्या अग्रलेखांनी दमलेल्या वाचकाने खाडिलकर इथून वाचायला सुरुवात करावी.

टिळक सुटून आल्यावर, युद्धाच्या अखेरच्या काळात, खाडिलकर पुन्हा 'केसरी'त आले. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले आणि वारसांचे दोन रस्ते झाले. असहकार? शाळा, कोर्टे, कौन्सिले सोडायची? केळकरांना हे पटणारे नव्हते. ते पुढे स्वराज्य पक्ष, तिथून प्रतियोगी सहकारिता आणि हिंदुमहासभेचे अध्यक्षपद या वाटेने गेले. तापट, सनातनी, बंदुकीचा कारखाना काढायला निघालेले खाडिलकर मात्र चरखेवाल्या बनियाकडे वळले. हे कोडे वाटते, पण फारसे नाही. गांधींमध्ये त्यांना व्रत दिसले. उपवास, ब्रह्मचर्य, दारूबंदी, रामनाम. 'विद्याहरणा'च्या लेखकाला यात परके काय होते? सुधारकी इंग्रजी शिक्षणाने जे बिघडवले ते नीट करणारा माणूस अशीच त्यांनी गांधींची ओळख पटवून घेतली असावी. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र आले आणि टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. नाटक खाडिलकरांचे, नाव टिळकांचे, फंड गांधींचा. त्यांच्या त्या वर्षीच्या राजकारणाचे याहून नेमके चित्र मिळणार नाही.

त्याच वर्षी ते मुंबईत 'लोकमान्य' दैनिकाचे संपादक झाले. तिथे दोन वर्षेच निघाली. ७ मार्च १९२३ ला गिरगावात त्यांनी स्वतःचे दैनिक काढले, 'नवाकाळ'. पन्नाशी उलटली होती. आता पत्र आपले, धोरण आपले, आणि डिक्लेरेशनवरचे नावही आपले.

सरकारला ते नाव सहा वर्षांनी लागले. १९२९ च्या सुरुवातीला मुंबईत हिंदू-मुसलमानांची भीषण दंगल झाली. त्याच वर्षी 'नवाकाळ'मधल्या लिखाणाबद्दल खाडिलकरांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि एक वर्षाची शिक्षा सुनावली गेली. कलम तेच, १२४ अ. 'देशाचे दुर्दैव' छापून एकवीस वर्षे झाली होती. या वेळी मध्ये कोणी नव्हते. लेखही त्यांचा, बेडीही त्यांची. मंडाले आणि ही एक वर्षाची शिक्षा यांची तुलना होऊ शकत नाही हे उघड आहे, आणि खाडिलकरांनी ती मनातल्या मनातही केली असेल असे वाटत नाही. पण छप्पन्न वर्षांच्या माणसाला तुरुंगाचे दार दिसले तेव्हा त्याला १९०८ ची जुलैतली ती रात्र आठवली नसेल, असे मानायला माझे मन तयार होत नाही.

त्यानंतरचे खाडिलकर वेगळे आहेत. 'नवाकाळ' मुलाने, यशवंत खाडिलकरांनी, सांभाळला. वडील उपनिषदांकडे, ओंकारोपासनेकडे वळले. १९३३ मध्ये नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले; त्याच साली 'सावित्री' नाटक आले, पण गंधर्वयुग ओसरत होते, बोलपट आलेला होता. राजकारणावर रोज उठून लिहिण्याची खाज, जी या जातीच्या लोकांना चितेपर्यंत सोडत नाही, ती त्यांची खरोखरच सुटली. पुढे नातू नीलकंठ खाडिलकर गादीवर आले, त्यांना लोक अग्रलेखांचा बादशहा म्हणू लागले. त्यांचा अग्रलेख वाचकाला दुरूनही ओळखू येई. आजोबांच्या 'केसरी'तल्या दिवसांत हीच ओळख अंगाशी आली असती.

केळकर ऑक्टोबर १९४७ मध्ये गेले, स्वातंत्र्य पाहून दोन महिन्यांनी. मार्च १९४८ मध्ये सांगली संस्थान विलीन झाले. २६ ऑगस्ट १९४८ ला खाडिलकर गेले. पुढच्या वर्षी त्यांचे गाव 'दक्षिण सातारा' नावाच्या नव्या जिल्ह्यात घालण्यात आले. म्हणजे काही वर्षे तरी सांगलीच्या माणसाला कागदोपत्री पत्ता लिहिताना सातारा लिहावे लागे. १९६० मध्ये जिल्ह्याला सांगलीचे नाव मिळाले. गिरगावात 'नवाकाळ'ची कचेरी ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव खाडिलकर रोड.